काठीला आवाज नसतो

मोठेपण मागून घेऊ नये, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा जिलबी घेऊन आला की आपण पानावर आडवा हात धरायचा, आणि वाढप्याने तो हात हळूच बाजूला सारून जिलबी वाढायची, हे जसे ठरलेले, तसेच पदाचेही. गणेश मंडळाचे चिटणीसपद असो, की वर्गाचे मॉनिटरपद. आधी 'छे, मी कसला, माझ्याहून योग्य माणसे आहेत' असे म्हणायचे, मग मंडळींनी आग्रह करायचा, आणि मग मान खाली घालून हार घालून घ्यायचा. आग्रह होण्याआधीच जो 'मला पाहिजे' म्हणाला, तो आगाऊ ठरला.

ही रीत दिसायला मोठी सुरेख आहे. पण पंगतीच्या शेवटच्या पानावर जो बसला आहे, त्याची हकीकत कोणी विचारीत नाही. त्यानेही रीतीप्रमाणे आडवा हात धरलेला असतो. पण वाढप्याच्या ताटलीत तोवर चारच जिलब्या उरलेल्या असतात. तो आडवा हात पाहतो, खराच मानतो आणि पुढे निघून जातो. आग्रह हा ज्याच्याकडे लोकांचे लक्ष आहे त्यालाच होतो. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही, त्याने मागितले नाही तर त्याला मिळायचे कसे?

हा प्रश्न मला पंगतीत सुचला नाही. तो सुचला शाळेच्या बँडमध्ये, आणि त्याचे उत्तर मला भंडाऱ्याच्या एका मुलीने दिले.

मी भंडाऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. १९९३ सालची गोष्ट. जून सरता सरता शाळा उघडली. आमच्याकडे विदर्भात उन्हाळा लवकर हटत नाही, म्हणून शाळाही जरा उशिराच उघडतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले, की बँड सांभाळणारे शिक्षक निवृत्त झाले आहेत; यंदापासून बँड तुमच्याकडे. मी म्हटले, "साहेब, मला वाद्यातले काही कळत नाही." ते म्हणाले, "तुम्ही वृत्ते शिकवता ना? मग लय कळते तुम्हाला. झाले तर!" या युक्तिवादापुढे बोलण्यासारखे काही नव्हते.

बँड म्हणजे चोवीस मुले. सहा बिगूल, आठ छोटे ढोल, पाच बासऱ्या, दोन झांजा, दोन ट्रँगल आणि एक मोठा ढोल. अडगळीच्या खोलीतून ही सगळी संपत्ती बाहेर काढली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात एक मौज आली. भंडारा हे पितळेचे गाव. गावाचे नावच भांड्यांवरून पडले असे सांगतात. घागरी, गुंड, पराती, लोटे ठोकणाऱ्या कासारांच्या हातोड्यांचा आवाज कानावर पडला नाही, असा लहानपणचा एक दिवस मला आठवत नाही. पण आमचे सहाही पितळी बिगूल पाहिले, तर त्यांवर शिक्का मेरठचा! बँडची वाद्ये घडवणारी वस्ती तिकडे मेरठच्या जली कोठी भागात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. आम्ही पितळ ठोकून पाणी भरायचे भांडे करायचे आणि मेरठवाल्यांनी त्याच पितळेची नळी वळवून वारा भरायचे भांडे करायचे. धातू एकच, तांबे आणि जस्त. एका गावी त्याची तहान भागते आणि दुसऱ्या गावी त्याला कंठ फुटतो.

बिगुलाचीही एक गंमत तेव्हाच कळली. त्याला ना पडदे, ना भोके, ना कळा. ओठ आवळून किंवा सैल सोडून जे काय निघेल तेवढेच. आणि निघते ते फार थोडे: सा, प, वरचा सा, मग ग, आणि पुन्हा प. पाच आवाज आणि तीनच स्वर! एवढ्या भांडवलावर साऱ्या जगातल्या पलटणी उठतात, जेवतात, झेंडा चढवतात आणि झोपतात. मुलांना मी म्हणे, "बघा रे, बिगुलाला मध्यम नाही, निषाद नाही, पण त्याने कधी तक्रार केली आहे का?" मुले हसत. मुख्याध्यापकांचे खरे होते म्हणायचे. मराठीचा मास्तर बँडमध्ये अगदीच निरुपयोगी नसतो.

आता मुद्द्याचे. या बँडच्या पुढे एक जण काठी घेऊन चाले. त्याला 'बँड मेजर' म्हणत. हा मेजर निवडायची शाळेची जुनी पद्धत मी ऐकली आणि थक्क झालो. कपाटात एक लाल कोट होता. सोनेरी गोंड्यांचा, पितळी बटणांचा, कोणे एके काळी एका चांगल्याच उंच मुलाच्या मापाने शिवलेला. दरवर्षी दहावीतली चार-सहा उंच मुले रांगेत उभी करायची, कोट एकेकाला घालून पाहायचा, आणि ज्याच्या अंगात तो बसेल तो मेजर! म्हणजे मेजरसाठी कोट शोधत नसत, कोटासाठी मेजर शोधत. त्या पद्धतीत अन्याय होतो असे कोणाला वाटतही नव्हते, कारण कोट पक्षपात करीत नाही.

मी सूचनाफलकावर लिहिले: 'ज्यांना बँड मेजर व्हावयाचे असेल, त्यांनी आपल्या हाताने अर्ज लिहून द्यावा. आपल्याला हे काम का हवे, ते थोडक्यात लिहावे.' शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली. एक वयस्क सहकारी म्हणाले, "अहो, मुलांना हावरट करता की काय? मोठेपण मागायला शिकवायचे असते होय?" मी म्हटले, "मनातल्या मनात तर सगळेच मागतात. कागदावर मागितले म्हणजे निदान काय मागतो ते तरी त्यांना दिसेल."

सात अर्ज आले. ते मी पुष्कळ वर्षे जपून ठेवले होते. एकाने लिहिले होते, की माझे मामा पोलिसांत आहेत, म्हणून मला चालण्याची माहिती आहे. दुसऱ्याने सरळच लिहिले, 'मला लाल कोट फार आवडतो.' त्याच्या प्रामाणिकपणाला मी मनात दहापैकी दहा दिले. ट्रँगल वाजवणाऱ्या सहावीतल्या एका चिमुरड्याचा अर्ज होता: 'मी उंच नाही, परंतु माझा आवाज मोठा आहे. घरी सर्व जण सांगतात.' झांजा वाजवणाऱ्या मुलाचे वाक्य मात्र मला आजही सुंदर वाटते: 'झांजा मधूनमधूनच वाजवाव्या लागतात, त्यामुळे बाकीच्या वेळात मला सगळ्यांचे ऐकता येते.' आणि दहावीतला एक उंच, देखणा मुलगा, आमचा सर्वांत चांगला बिगूलवाला. त्याने लिहिले, 'कोट मला बसतो. तरी परंपरेप्रमाणे मला नेमावे ही विनंती.'

बँडमध्ये नऊ मुली होत्या. अर्ज एकीचाही नव्हता.

मोठा ढोल वाजवणारी मुलगी तेव्हा दहावीत होती. कासाराची मुलगी. मोठा ढोल म्हणजे बँडचे डावे पाऊल. संचलनात मिनिटाला १२० पावले पडतात. त्यांतली साठ डावी. म्हणजे डाव्या पावलाचा ठोका बरोबर सेकंदाला एक. ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती. पण वर्गात भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत बाकाखाली पाय हलवताना मी तिला पाहिले होते. तास माझाच होता आणि विषय समास होता, पण मी काही बोललो नाही. काही गोष्टी समासापेक्षा महत्त्वाच्या असतात.

मी तिला विचारले, "तू अर्ज दिला नाहीस?"

ती म्हणाली, "मी कायले देऊ जी? मोठा ढोल तं मांगंच राहते."

"तुला व्हायचे नाही का मेजर?"

ती जरा थांबली. म्हणाली, "तुमाले वाटलं तं तुमीच सांगाल ना सर."

हाच तो पानावरचा आडवा हात! मला तो लखलखीत दिसला. तिच्या जागी उंच मुलगा असता, तर कोणी ना कोणी तो हात बाजूला सारलाच असता. तिच्या पानापर्यंत मात्र वाढपी आजवर आलाच नव्हता, आणि मीही वाढपी व्हायचे नाही असे ठरवले. म्हटले, "मी सांगणार नाही. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत वाढवली आहे."

मुदत वाढवली ती एका अटीसह. फलकावर मी आणखी दोन ओळी लिहिल्या: 'जो मेजर होईल, त्याला वर्षभर आपले वाद्य सोडावे लागेल. मेजरजवळ फक्त काठी असते, आणि काठी वाजत नाही.'

देवाच्या काठीला आवाज नसतो, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. बँड मेजरच्या काठीलाही तो नसतो, हे मात्र बँडमधल्या मुलांच्याही लक्षात आलेले नव्हते. पूर्वी युरोपात ताल देणारे काठी जमिनीवर आपटून आवाज करीत. फ्रान्सच्या राजदरबारचा मोठा संगीतकार लुली, १६८७ साली असाच जड काठी आपटीत ताल देत असता ती त्याच्या पायाच्या बोटावर बसली; जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. तेव्हापासून, असे मी मुलांना सांगे, शहाण्या माणसाने पुढारीपणाची काठी हवेत धरावी, आपटू नये.

पण काठी मुकी का, याला याहून चांगले कारण आहे, आणि ते आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मैदानावरच सिद्ध करून दाखवले. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका टोकाला ढोल वाजला, तर शंभर मीटरवरच्या मुलाला तो जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. पाऊल पडते अर्ध्या सेकंदाला. म्हणजे लांबचा मुलगा कानावर भरवसा ठेवून चालला, तर तो अर्ध्या पावलापेक्षाही जास्त मागे पडणार; आणि गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या मते तो अगदी बरोबर असणार! सगळे जण इमानाने ऐकत असूनही सगळ्यांचे चुकणार. म्हणून कोणीतरी एक असा लागतो, की ज्याला ऐकायचे नाही, पाहायचे. उजेडाला उशीर होत नाही. मेजरची काठी ही त्यासाठी असते.

अट वाचून दोघांनी अर्ज मागे घेतले. मामा पोलिसांत असलेला मुलगा म्हणाला, "सर, मला ढोलच बरा." लाल कोटवालाही बासरीकडे परतला. मला त्यांचा आदर वाटला. काय मागतो आहोत हे कळल्यावर 'नको' म्हणणे, हीही एक समजच आहे.

शनिवारी शाळा सुटताना एक घडी घातलेला कागद माझ्या टेबलावर आला. मोठ्या ढोलाचा. त्यात दोनच वाक्ये होती: 'मी ढोल सोडायला तयार आहे. माझ्या जागेवर सातवीतली एक मुलगी आहे, तिला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवून ठेवले आहे.'

तो कागद मी दोनदा वाचला. उन्हाळ्याच्या सुट्टीत! म्हणजे फलकावर माझी सूचना लागण्याच्या कितीतरी आधी. मागायची हिंमत नव्हती तेव्हाही ही पोर आपल्यामागची जागा भरून ठेवीत होती. बाकीच्या अर्जांत 'मी' कसा आहे ते लिहिले होते. या अर्जात आपण गेल्यावर बँडचे काय होईल ते लिहिले होते.

तरी मी तिला लगेच नेमले नाही. सहाही जणांची मैदानावर परीक्षा झाली. प्रत्येकाने काठी घेऊन बँडला एक फेरी मारून आणायची, तोंडाने शब्द काढायचा नाही. आणि अर्ध्या फेरीनंतर मी हात वर केला, की सगळी वाद्ये एकदम बंद! त्यापुढे नुसत्या काठीवर चालायचे.

उंच मुलाने काठी फार झोकात फिरवली. एकदा तर ती हवेत उडवून झेलली. मुलांनी 'वा!' म्हटले आणि त्या 'वा'मध्ये चार जणांची पावले चुकली. सहावीतला चिमुरडा काठीच्या वजनाने एका बाजूला कलत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर सेनापतीचा करारीपणा होता. झांजवाल्या मुलाने छान केले. मग ती आली. तिची काठी काही उडाली नाही, फिरली नाही. जेवढी हलायला हवी तेवढीच हलली. मी हात वर केला. वाद्ये थांबली. मैदानावर फक्त पावलांचा आवाज उरला, आणि तो एकच होता. मी डोळे मिटून ऐकला. वळणावर ती उलटी फिरून मागे मागे चालू लागली, आणि डाव्या बाजूचा तिसरा मुलगा जिथे नेहमी अडखळे, तिथे त्याच्याकडे पाहून तिने काठी एक वीत उंच केली. तो अडखळला नाही.

नंतर मी तिला विचारले, तो तिथे चुकतो हे तुला कसे माहीत? ती म्हणाली, "दोन वर्सं सगळ्यायच्या पाठीच तं पाहून राहिली सर." शेवटच्या रांगेत राहून माणूस काय शिकतो, ते पहिल्या रांगेतल्याला कळत नाही.

निवड झाली. आता उरलेल्या पाच जणांना 'नाही' कसे सांगायचे? फलकावर एकच नाव लावून मोकळे होता आले असते. पण ज्यांनी धीर करून कागदावर मागितले होते, त्यांना कागदाने नकार देणे मला बरे वाटेना. एकेकाला बोलावून कारण सांगितले. झांजवाल्याला म्हटले, तुझे कान पुढे नेले तर मध्ये कोण ऐकणार? त्याला ते पटले. उंच मुलाला पटले नाही. तीन दिवस तो सरावाला आला नाही. चौथ्या दिवशी बिगूल पुसून लखलखीत करून आला आणि म्हणाला, "सर, काठी कुणाचीही असो, पहिला सूर माझाच ना?" मी म्हटले, "तुझाच." सहावीतला चिमुरडा तेवढा निर्विकार होता. "पुढच्या वर्षी परत देऊ का अर्ज?" त्याने विचारले. त्याने तो पुढच्या वर्षी दिला, त्याच्या पुढच्या वर्षीही दिला, आणि दहावीत असताना मेजर झाला. तोपर्यंत त्याची उंचीही वाढली होती आणि आवाज फुटून बारीक झाला होता. सुदैवाने त्याची आता गरज नव्हती.

निवडीनंतर चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. हातांना भट्टीची धग आणि पितळेचा वास. स्टीलच्या आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांनी त्यांचा धंदा बसत चालला होता. मुलीला दहावीनंतर शिकवायचे की नाही, याची घरात चर्चा चालू असल्याचे माझ्या कानावर होते. त्यात ही नवी गोष्ट. गावभर मुलगी काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणार! मी मनातल्या मनात चार वाक्ये जुळवून ठेवली. पण ते भांडायला आले नव्हते.

"सर," ते म्हणाले, "पोरीनं मांगलं का तुमी देल्लं?"

मी म्हटले, "तिनेच मागितले. अर्ज आहे तिचा."

"दाखवा."

मी तो कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी जशी होती तशी घातली आणि माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मंग ठीक आहे. कोनी देल्लेलं कोनीबी वापस घेते. आपन मांगून घेतलेलं आपल्याले निभवाच लागते."

एवढे बोलून ते गेले. त्यांच्या त्या वाक्यापाशी मी पुष्कळदा येऊन थांबलो आहे. भांडे घ्यायला आलेले गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते; खणखणीत वाजले तर पदरात पाडते. कासाराने आपल्या मुलीचा शब्द तसा वाजवून पाहिला होता. न मागता गळ्यात पडलेल्या पदाला कंटाळा आला, की माणसाला म्हणता येते, 'मी कुठे मागितले होते?' मागून घेतलेल्याला ही पळवाट नसते.

कोट मात्र तिला कसाच बसेना. बाह्या हाताबाहेर वीतभर जात. शिक्षकांच्या खोलीत पुन्हा चर्चा झाली, की हा इतका जुना कोट उसवायचा का? शेवटी शिवणाच्या बाईंनी तो उसवला. कापला नाही, आत दुमडून शिवला. पुढे दरवर्षी तो उसवला जाई आणि नव्या मेजरच्या मापाने पुन्हा शिवला जाई. आतल्या शिवणीवर सुईची इतकी भोके पडली, की बाईंनी शेवटी तिथे अस्तर लावले.

१९९४ च्या २६ जानेवारीला जिल्ह्याचे संचलन झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले १ मे १९९९ ला. त्यामुळे भंडाऱ्याच्या या संचलनाला मोठाच मान असे. थंडी कडाक्याची. थंडीत बिगुलाचा सूर उतरतो, म्हणून उंच मुलगा तो कोटाच्या आत छातीशी धरून ऊब देत उभा होता. आमच्यामागे दुसऱ्या शाळेचा बँड होता, आणि त्यांचा ढोल आमच्यापेक्षा दुप्पट मोठा. वळणावर दोन्ही बँड शेजारी आले आणि दोन ताल एकमेकांत मिसळले. मला दिसले, की आमची शेवटची रांग घुटमळली. सातवीतल्या मुलीचा मोठा ढोल क्षणभर थांबला. एक क्षण सगळेच विस्कटेल असे वाटले. पुढची काठी फक्त एक वीत उंच झाली. चोवीस मुलांचे डोळे कानांना सोडून त्या काठीकडे गेले, आणि दोन पावलांत सगळे पुन्हा एक झाले.

प्रेक्षकांपैकी कोणाच्या हे लक्षातही आले नाही. टाळ्या पडल्या त्या बिगुलाला. तिला कोणी विशेष पाहिले असेल तर तिच्या वडिलांनी. ते कुठे उभे होते मला ठाऊक नाही. पण ती पुढे बारावीपर्यंत शिकली आणि नंतर नर्सिंगला गेली, एवढे मला ठाऊक आहे. बँडमुळे असे झाले, असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. फक्त पहिला अर्ज लिहिला की दुसरा लिहायला हात कापत नाही, एवढे मी म्हणेन.

मध्यंतरी माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचा अमेरिकेहून फोन आला. तिकडच्या हायस्कुलांत बँडचे प्रस्थ मोठे. शेकडो मुलांची पथके खेळाच्या मैदानावर वाजवत चालतात, आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या जागेसाठी रीतसर अर्ज, मुलाखत, ताल देऊन दाखवण्याची परीक्षा असे सगळे असते. तिला ती जागा हवी होती. पण घरात आजीने सांगितले होते, की आपण होऊन मोठेपण मागू नये. पोर दोन संस्कृतींच्या मध्ये सापडली होती. मला म्हणाली, "आजोबा, मागितले तर मी शायनिंग मारते असे होईल का?" मी तिला विचारले, "तू काय वाजवतेस?" ती म्हणाली, "क्लॅरिनेट." म्हटले, "ते सोडवेल? आणि तुझ्या जागी वाजवायला कोणी तयार केले आहेस?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "अजून नाही. पण अर्जाला तीन आठवडे आहेत." मला वाटते, तिला तिचे उत्तर मिळाले. आजीला मात्र मी अजून काही समजावलेले नाही. ती माझी बहीण आहे, आणि तिला समजावणे हे बँड चालवण्यापेक्षा कठीण आहे.

मंडळी, आता दिवाळीत घरोघरी पाने मांडली जातील. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरेल, रात्रभर दंडार रंगेल, आणि चांगली मुले आई-बापांच्या मागे मागे हिंडतील. अशा वेळी घरातले एखादे मूल, बहुधा शेवटच्या पानावरचे, हळूच म्हणेल, 'मला पुढे चालायचे आहे.' तेव्हा 'तुला जमेल का?' असे विचारू नका. ते त्यालाही ठाऊक नसते. 'आगाऊपणा करू नकोस' असेही म्हणू नका. त्याला एवढेच विचारा, की त्यासाठी तू हातातले काय खाली ठेवशील, आणि ते उचलायला कोण आहे? त्याने उत्तर दिले, तर त्याच्या मापाने कोट उसवायला घ्या. आणि हो, पंगतीत टोकाच्या पानापर्यंत जिलबी पुरते आहे ना, तेवढे जरा पाहा.